लग्नाच्या साडीचं आभाळ

माझ्या लग्नाची पांढरीशुभ्र साडी मी लग्न झाल्यावर पंधरवड्याच्या आत निळी करून ठेवली. ठरवून नव्हे. आणखी पांढरी करायला गेले आणि निळी झाली.

आम्हा ख्रिस्ती लोकांत नवरी पांढरी साडी नेसून उभी राहते. माझी साडी नगरच्या कापड बाजारातून आली होती. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडाला जुनीच सवय. ही साडी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्वतः दुकानात बसून पसंत केली होती. बायकांना आत येऊ दिलं नाही म्हणे. अंगभर पांढरी आणि काठाला चांदीच्या जरीची बारीक पानांची वेल. लग्न लागलं, हे नव्या काळ्या कोटात, मी त्या साडीत. पंगत बसली. नवरीने लाजावं, चार घास खाऊन ताट सारावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मटणाचा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायले. थेंब पडला तो नेमका पदरावर.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी बजावलं, "ती साडी नीट धू आन जपून ठिव. आपल्यात बाईला शेवटाला तीच नेसवत्यात."

म्हणजे एकदा लग्नात नेसायची आणि एकदा मेल्यावर. मधली सगळी वर्षं ती ट्रंकेत. मला हे फार शोभिवंत वाटलं होतं. तेव्हा मला काहीही शोभिवंत वाटायचं.

मी मास्तरांची मुलगी, सातवी पास, आणि सासरी आल्यापासून दर वाक्यात एकदा तरी ते सांगत होते. तर त्या सातवी पास डोक्याने असा हिशोब केला की चिमूटभर निळीनं कापड पांढरं दिसतं, तर पुडीभर निळीनं किती दिसेल! गणितात मी पहिल्यापासून हुशार. बादलीत कोरडी पुडी झटकली, वरून साडी दाबली, पाणी ओतलं आणि शेजारणीनं लोणचं घातलं होतं ते चाखायला गेले. लोणचं चांगलं झालं होतं. तीन फोडी खाल्ल्या. परत आले तर बादलीत साडी नव्हती, शाईची दौत सांडल्यासारखं काहीतरी होतं.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. नीळ धुता धुता जाते, हे आता मला ठाऊक आहे. पण मी थांबणारी नव्हे. डाग दिसू नयेत म्हणून सगळी साडीच निळी करायची, असा दुसरा हुशार बेत केला. बेलापूरच्या बाजारातून रंगाची पुडी आणली, घरात कुणी नसताना मोठ्या पातेल्यात साडी उकळली. रंग बसला, पण कुठे बसला आणि कुठे बसलाच नाही. वाळत घातली तेव्हा निळ्या कापडावर पांढरट गोळे गोळे दिसत होते. आणि ती पोरगी, म्हणजे मी, त्या साडीखाली मातीत बसून रडत होती. आज तिच्याकडे बघितलं की वाटतं, उठवून एक चापट मारावी आणि लोणच्याची आणखी एक फोड द्यावी.

साडी घडी करून ट्रंकेच्या तळाला गेली. सासूबाईंनी विचारलं, "ठिवली का?" मी म्हटलं, "ठिवली." खोटं काहीच नव्हतं.

त्या सालचा नाताळ आला. चर्चमध्ये दर वर्षी येशूजन्माचं नाटक व्हायचं आणि मागे पडदा म्हणून कुणाची तरी फुलाफुलांची चादर लावायचे. मेंढपाळ बागेत उभे आहेत असं वाटायचं. बायकांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "औंदा निळं कापड पायजे बया. आभाळ दिसाया पायजे." आणि सातवी पास पुन्हा पुढे झाली.

"माझ्याकडं हाय. माहेरचं."

काठावरची वेल दिसली असती तर चोरी उघडी पडली असती. म्हणून मी दोन्ही काठ मागच्या अंगाला दुमडले आणि हाताने टीप मारून टाकली. पुढून बघणाऱ्याला नुसतं निळं कापड. पडदा लागला, वर कागदाच्या चांदण्या टाचल्या, कंदील पेटले आणि बायका अवाक झाल्या. "अगं, रंगाऱ्यानं ढगबी काढल्यात की! लई कारागीर मानूस दिसतोय." मी खाली बघून लाजले. लग्नाच्या पंगतीत लाजले नव्हते ते तेव्हा लाजून घेतलं.

तेव्हापासून माझी साडी गावाचं आभाळ झाली. तिच्याखाली गावातली किती पोरं देवदूत झाली, किती मेंढपाळ झाली, किती जण आपलं वाक्य विसरून रडली. हे दर वर्षी त्या कापडामागे उभे राहून दोरीवरचा तारा सरकवायचे. उंच माणूस, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं ते कायमचं. मी पुढे बसून डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं प्रार्थना करते. मी दुमडलेली टीप उसवू नये म्हणून देवाला विनवत असायचे.

पुढे सासूबाई गेल्या, त्यांच्या लग्नाच्या साडीत गेल्या. त्या दिवशी रडता रडता माझ्या मनात आलं, आपल्याकडे तर जायची साडीच नाही. त्यामुळेच मी मरण पुढे ढकलत आले आहे, असं मी घरात सांगते. सून कपाळाला हात लावते.

मग फ्लेक्सचे दिवस आले. चर्चमध्ये छापील पडदा लागला. त्यावर बर्फ आणि सुया सुयांची झाडं. बाहेर ज्वारी उभी, लोक स्वेटर काढून बसलेले, आणि आमच्या बेथलेहेमात बर्फ! कापडी आभाळ कुठे गेलं हे मी विचारलं नाही. कुणी नेलं असेल, कुणी पोतेरं केलं असेल. मनात म्हटलं, सुटले बाई.

सुटले नव्हते. माझी नात मोठी होत होती.

ती पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर लोकांना जुने कपडे घालायला शिकवते. मला आधी हे कळेचना. एकदा म्हणाली, "आज्जी, मी अपसायकलिंग करते." मी शेजारणीला सांगितलं की नातीनं सायकल घेतली. मग तिने दाखवलं. फाटक्या परकराची पिशवी, बापाच्या शर्टाचं झबलं, दोन जुन्या ओढण्यांचा एक कुर्ता. मी म्हटलं, "ह्यात नवीन काय? हे तर आम्ही चुलीपुढं बसून करत होतो." ती म्हणाली, "थांब, हेच परत बोल," आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. तेव्हापासून मी तिच्या रीलमध्ये असते. लोक खाली लिहितात, "आज्जी लई भारी." मी चष्मा पुसून पुसून वाचते. बाराखडी न येणारी माणसंही तिथे लिहितात, तीही वाचते.

पण खरं सांगायचं तर ह्या सगळ्याचं मला लोकांना वाटतं तेवढं सोपं कौतुक नाही. लहानपणी आम्ही दुसऱ्याचं उतरलेलं कापड घातलेलं आहे. मिशनच्या पेटीतून परदेशातले जुने कपडे यायचे. मला एकदा मोठ्या मोठ्या बटणांचा कोट मिळाला. इतका जाड की त्यात हात खाली जात नसत. शाळेत पोरी म्हणायच्या, "आली बघा मडम." त्यामुळे नवं कोरं कापड, आपल्यासाठी घेतलेलं, आपल्याच अंगावर पहिल्यांदा चढलेलं, ह्याची मला केवढी हाव! ती पांढरी साडी म्हणजे माझी पहिली अशी वस्तू होती. आणि ती मी पातेल्यात उकळली.

आता बघते तर वारं फिरलंय. आमच्या गावच्या बायकांचा मोबाईलवर ग्रुप आहे. पूर्वी कुणाची पैठणी मागून नेसली तर पदर सावरताना बाई चार वेळा इकडेतिकडे बघायची, साडीची मालकीण कुठे दिसते का म्हणून. आता नेसून फोटो टाकतात आणि खाली लिहितात, "साडी धाकट्या जावेची, ब्लाऊज नणंदेचा, आनंद माझा." लगेच दुसरी विचारते, "पुढच्या आठवड्यात मला दे गं." आमच्या गल्लीतली एक पिवळी पैठणी इतक्या लग्नांना जाऊन आली आहे की तिला आता आमंत्रण वेगळं द्यावं. हे काम माझ्या नातीसारख्या पोरींनी केलं, मोबाईलमधून. लाज होती तिथे मिरवणं आणून बसवलं. मिशनच्या पेटीच्या वेळी ह्या पोरी असत्या तर माझ्या कोटाखालीही कुणीतरी बदाम टाकला असता.

तर नातीचं लग्न ठरलं. मुलगा साधा, बोलायला गोड, जेवायला माझ्यासारखा. आणि नातीने मोबाईलवर जगाला सांगून टाकलं की, "माझ्या लग्नात मी एकही नवीन कापड घेणार नाही. चर्चमध्ये मी माझ्या आज्जीची लग्नाची पांढरी साडी नेसणार."

मी तेव्हा चहा पीत होते. तो नाकातून आला.

सून पेटली. माझी सून मनाने वाईट नाही, पण तिची एकुलती एक लेक. ती म्हणाली, "लोक काय म्हनतील? पोरीला साडी घ्यायला जमलं न्हाई का? मी पुन्याचं दुकान बघून ठिवलंय." नात म्हणाली, "मम्मी, आज्जीची साडी तू बघितलीस तरी का?" सून म्हणाली, "बरं. आता तुझी यष्टी चुकंल. संक्रांतीला ये. साडी दाव. नेसन्यासारखी असली तर माझं तोंड बंद. नसली तर शनिवारी पुन्याला जायचं आन मी घेईन ती नेसायची." नात म्हणाली, "डन." दोघींनी हात मिळवले, आणि मधे मी बसले होते, रिकाम्या ट्रंकेची मालकीण.

नात आली. आल्या आल्या आधी रानात गेली आणि ज्वारीतल्या बुजगावण्याचा व्हिडिओ काढून आली. आमच्या बुजगावण्याच्या अंगात काळा कोट आहे, पितळी बटणांचा, ऐटदार. संध्याकाळपर्यंत लोक विचारायला लागले, "हा कोट कुठून घेतला?" नातीने मला विचारलं. मी विषय बदलला आणि गुळपोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेपुढे मोबाईल उभा केला. सून कमरेवर हात ठेवून दारात. हे ओट्यावर पेपर वाचत. नात मोबाईलकडे बघून म्हणाली, "ही माझ्या आज्जीची ट्रंक, आणि आता आपण सगळे मिळून ती साडी बघणार आहोत." मी झाकण उघडलं. वरचं घोंगडं काढलं, ह्यांचं धोतर काढलं, डांबराच्या गोळ्या काढल्या. तळाला अंथरलेला कागद आला, तळ आला. मी तळाकडे बघितलं, तळाने माझ्याकडे.

"उंदरांनी खाल्ली," मी म्हटलं.

ओट्यावर ह्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

नात उठली. मोबाईल बंद करून परसात गेली. मी खिडकीतून बघितलं तर ती दोरीवर वाळत घातलेल्या माझ्याच जुन्या लुगड्यात तोंड खुपसून उभी होती. सून मागून म्हणाली, "जाऊ द्या आई. शनिवारी आनू चांगली." ती जिंकली होती, पण तिचाही आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

तेवढा व्हिडिओ मात्र थेट लोकांपर्यंत जाऊन बसला होता. लोक हळहळले. "अरेरे." "आज्जी, रडू नका." आणि एका बाईने, देव तिचं भलं करो, लिहिलं होतं, "उंदरांनी साडी खाल्ली, पण धोतर ठेवलं, घोंगडं ठेवलं, कागदाला दात लावला नाही. उंदीर फार शिकलेला दिसतो."

सातवी पास, मी मनात म्हटलं.

मी परसात गेले. नातीला म्हटलं, "उंदीर न्हवता. मीच हुते." आणि सगळं सांगितलं. रस्सा, नीळ, लोणचं, पातेलं, माहेरचं कापड, आभाळ. ती ऐकत होती. तोंड उघडं. मला वाटलं आता ही पोरगी माझ्याशी बोलायची नाही. ती खाली बसली. मग मातीत आडवी झाली. हसत होती. इतकी हसली की शेजारीण भिंतीवरून डोकावली, "कुनाला काय चावलं का?"

"म्हणजे आज्जी," ती धापा टाकत म्हणाली, "भिंतीवरच्या त्या नाताळच्या फोटोत, मी तान्ही असताना, माझ्या मागे जे निळं आहे ते..."

"माझी लग्नाची साडी."

ती उठून बसली. "मला तीच नेसायची आहे."

"अगं, ती कुठं हाय कुनाला ठाव!"

"ते माझ्यावर सोड. फक्त तू हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगायचं. जसंच्या तसं."

"चार लोकांत?"

"आज्जी, चार नाहीत ते."

मी विचार केला. ह्या वयात अब्रू राहून राहून किती राहणार. आणि हे काही मोबाईल बघत नाहीत, त्यांना फक्त हवामान आणि मृत्यूची पानं लागतात पेपरातली. म्हणजे सगळ्या जगाला कळलं तरी ह्यांना कळायचं नाही. असा तिसरा हुशार बेत करून मी कॅमेऱ्यासमोर बसले. शेवटी नात म्हणाली, "आमच्या चर्चच्या नाताळातलं आभाळ कुणी बघितलंय का? असेल तर सांगा, मला त्यात लग्न करायचंय."

आणि मग बाई, आभाळ फाटलं म्हणतात तसं झालं. जिकडून तिकडून फोटो यायला लागले. आमच्या गावची पोरं कुठे कुठे गेलेली! नाशिक, मुंबई, दुबई. प्रत्येकाच्या घरात एक जुना फोटो, आणि प्रत्येक फोटोत मागे माझी साडी. टोपलीएवढ्या पंखांचे देवदूत. डोक्याला टॉवेल बांधलेले मेंढपाळ. एक हेरोद राजा, दाढी सुटून गळ्यात आलेली. तो आता मोठा इंजिनिअर आहे, त्याने लिहिलं, "आज्जी, त्या ढगांकडे बघून मी वाक्यं आठवायचो." मी दिवसभर मोबाईल सोडेना. जेवायला हाक मारली तर मी म्हणाले, थांबा, अजून एक उंट आलाय.

संध्याकाळी नाशिकहून एक फोटो आला. नातीने बघितला आणि मोबाईल आईच्या हातात दिला. त्यात माझी सून होती. नवीन नवीन, बारीक, डोक्यावर पदर. मरिया झालेली. मांडीवर तान्हं बाळ, कारण त्या वर्षी गावात दुसरं तान्हं नव्हतं, म्हणून आमच्या नातीलाच बाळ येशू केलं होतं. बाळ येशू अंगठा चोखत होता. वर चांदण्या, मागे ढग.

सुनेने तो फोटो बोटांनी मोठा केला. पुन्हा लहान केला. पुन्हा मोठा केला.

"हिनं माझा पदर वला केला हुता भर नाटकात," ती म्हणाली. मग नाक पुसलं. "शनिवारचं ऱ्हाऊ द्या. आधी साडी हुडका."

साडी सापडली ती तिसगावकडे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक शाळामास्तरीण बाई बदली होऊन तिकडे गेल्या होत्या. फ्लेक्स आल्यावर चर्चच्या कपाटात पडलेलं आभाळ त्यांनीच उचलून शाळेच्या गॅदरिंगला नेलं होतं. व्हिडिओ बघून त्यांनी नातीला फोन केला आणि रविवारी स्वतः एसटीने घेऊन आल्या. पिशवीतून काढून खाटेवर पसरलं. मी कितीतरी वर्षांनी त्या साडीला उजेडात हात लावला. विटली होती थोडी. चांदण्या टाचून टाचून भोकं पडलेली. पण आभाळ ते आभाळ.

बाई म्हणाल्या, "ह्याच्याखाली आमच्याकडं कृष्णजन्म झालाय. शिवरायांचा राज्याभिषेक झालाय. आमच्याकडं पाऊस नाही पडत, पण पावसाचा नाच दर वर्षी होतो, तोही ह्याच ढगांखाली." मग जरा कचरत म्हणाल्या, "पण एक विचारू का? तुम्ही हे ठेवून घेतलंत तर आमच्या शाळेनं आभाळ कुठून आणायचं?"

नात म्हणाली, "मी लग्नात नेसते आणि परत देते."

बाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने माझ्याकडे. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. मला मरायला वेळ हाय. तवर वापरा."

मग काठ उसवले. माझी ती टीप मीच उसवली, दात लावून, आणि आतून चांदीची वेल निघाली. तिला नीळ कमी लागली होती. दुमडीत राहून राहून तिचं तेज तसंच होतं. नातीने भोकं लपवली नाहीत. प्रत्येक भोकावर पांढऱ्या रेशमाने एक चांदणी भरली आणि त्याचाही व्हिडिओ टाकला. जिथे रफू आहे तिथेच मिरवायचं, अशी आता पद्धत आहे म्हणे. आमच्या वेळी रफू दिसला तर शिंप्याशी भांडण व्हायचं. गल्लीतल्या बायका येऊन एकेक चांदणी भरून गेल्या. सुनेने पदरावरची भरली. तिथे, जिथे फार पूर्वी रस्सा सांडला होता, तिथे मी एक भरली. वाकडी झाली. तशीच ठेवली.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायला मी गेले होते की, निळी साडी चालेल का, पांढरी नाही. ते म्हणाले, "पांढरीच पाहिजे असं शास्त्रात मी तरी वाचलेलं नाही."

ईस्टर झाल्यावर लग्न लागलं. चर्चच्या दारातून नात आत आली आणि बाकांवर एक कुजबुज उठली, पुढून मागे, मागून पुढे. "आभाळ आलं, आभाळ." हेरोद राजा मुंबईहून आला होता. त्याने तर टाळी वाजवली. ज्यांना मी घाबरत होते त्या म्हाताऱ्या बायका पदर बघायला उठल्या, कारण प्रत्येकीची एक चांदणी त्यात होती, आणि प्रत्येकीला आपलीच सगळ्यात सरळ वाटत होती. पुण्याचं दुकान बघून ठेवलेली माझी सून येईल त्याला सांगत होती, "नवी न्हाई बरं. माझ्या सासूबाईंची हाय. अख्ख्या बाजारात मिळायची न्हाई." नवरा मुलगा पंगतीत रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला. मी त्याच्या शेजारी बसून साडीवर लक्ष ठेवलं.

एक काम मात्र राहिलं होतं. जगाला सांगून झालं होतं, ह्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी साडी बघितली, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. मला वाटलं, निभावलं. म्हातारपणी दिसत नसेल नीट.

चार दिवसांनी साडी धुऊन, घडी करून, तिसगावला परत पाठवायची होती. मी ओट्यावर बसून पिशवीत भरत होते. हे शेजारी बसले होते. मला राहवेना. म्हटलं, "तुमाला एक सांगायचं ऱ्हायलंय. ही साडी..."

त्यांनी पेपर खाली ठेवला. साडीचा काठ पिशवीतून बाहेर आला होता, त्यावरच्या वेलीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले:

"पयल्याच नाताळाला वळखली मी. काठ मागच्या अंगाला दुमडलास, आन मला उभं कुठं केलंवतं? मागंच की. दर साली वेल माझ्या नाकापुढं. म्हनलं, सांगायची तवा सांगंल. लई येळ लावलास गं. आता हेबी सांगून टाक, त्या बुजगावन्याच्या अंगात कोट कुनाच्या लग्नातला हाय?"